खाट कोणाच्या हुकमाने, बिल कोणाच्या माथी?

दर रविवारी सकाळी राजापेठेत आमचे मदत केंद्र भरते. केंद्र म्हणजे एका मित्राच्या दुकानावरची खोली, दोन टेबले आणि एक प्रिंटर. रेशनकार्डातले नाव, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारवरची चुकलेली जन्मतारीख अशी कामे घेऊन लोक येतात. मागच्या हिवाळ्यात एक खाला कॅरीबॅगमध्ये कागद भरून आल्या. म्हणाल्या, "बेटा, ये बिल जरा पढ के बता. लडका अंदर है."

"अंदर" म्हटल्यावर मला वाटले, मुलगा तुरुंगात आहे. तो होता दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खासगी मानसिक उपचार केंद्रात. वय तिशीच्या आत. टायर-पंक्चरच्या दुकानात काम करायचा. काही महिने झोप नाही, कानात आवाज येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटते. एका रात्री त्याने घरातली भांडी रस्त्यावर फेकली, तेव्हा भावाने आणि मामाने त्याला गाडीत घालून तिकडे नेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बिल 77,200 रुपयांचे होते. 47 दिवसांचे खाटेचे भाडे, रोज 1,200 प्रमाणे, 56,400. औषधे 14,300. आणि शेवटच्या ओळीत "इतर शुल्क" 6,500. बिलाखाली खालांनी अंगठा दिलेला एक छापील अर्ज होता. त्यावर मुलाचे नाव होते, त्यांचे होते, तारखेची जागा कोरी होती. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली मुलाला ठेवले, हे कुठेच लिहिलेले नव्हते. मुलगा तीन आठवड्यांपासून घरी न्या म्हणत होता. खालांना उत्तर एकच मिळत होते: आधी हिशेब पूर्ण करा, मग डिस्चार्ज.

इथे माझ्या कामाबद्दल दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि अमरावतीला परत येण्यापूर्वी काही वर्षे मी पुण्यात रुग्णालयांच्या बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यामुळे ते बिल मला चटकन वाचता आले. रात्री बारा वाजले की संगणक भरलेल्या प्रत्येक खाटेवर एक दिवसाचे भाडे आपोआप चढवतो. त्यासाठी कोणी जागे राहावे लागत नाही, कोणी विसरत नाही. तो प्रोग्राम मी स्वतः लिहिला आहे. पण माणूस स्वतःच्या इच्छेने आला की त्याला आणले गेले, आज त्याचा कितवा दिवस आहे, तिसावा दिवस कधी उजाडणार, हे विचारणारी चौकट आमच्या एकाही पडद्यावर नव्हती. ग्राहकाने मागितली नाही, आम्ही दिली नाही. बिलाचे घड्याळ आम्ही बिनचूक बसवले. सुटकेचे घड्याळ बसवायचे असते, हे आम्हाला ठाऊकही नव्हते.

कायद्यात ते घड्याळ आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 साली संमत झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याचे मूळ सूत्र असे की मानसिक आजाराचा रुग्ण शक्यतो स्वतःच्या संमतीने दाखल व्हावा. तसा दाखल झालेला माणूस जातो म्हणाला की त्याला जाऊ द्यावे लागते. फार तर तपासणीसाठी 24 तास थांबवता येते. संमती घेता येत नसेल आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा माणूस स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर कलम 89 खाली त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असले पाहिजे आणि त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असला पाहिजे. अशा दाखल्याची मुदत 30 दिवस. त्याची खबर सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायची. रुग्ण बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत.

30 दिवसांपुढे ठेवायचे असेल तर कलम 90 लागते. तिथे मंडळाची परवानगी हवी. पहिल्यांदा 90 दिवसांपर्यंत, नंतर 120, नंतर एका वेळी 180. म्हणजे 47 व्या दिवशी खालांच्या मुलाच्या फाइलमध्ये मंडळाचा कागद असायला हवा होता किंवा मंडळाकडे गेलेला अर्ज तरी. आम्ही मागितला तेव्हा समोरच्या माणसाने विचारले, "कुठलं मंडळ?"

हे मंडळ म्हणजे काही दूरची चीज नाही. कायदा ते जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांच्या गटासाठी नेमायला सांगतो. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा, सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर. उरलेल्या दोन जागा मानसिक आजार भोगलेल्या माणसांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांसाठी आहेत. मंडळाकडे अर्ज करायला फी नाही. सक्तीच्या दाखल्याविरुद्धचा अर्ज सात दिवसांत निकाली काढायचा आहे, 30 दिवसांपुढच्या दाखल्याविरुद्धचा 21 दिवसांत. वकील नसला तरी चालतो आणि हवा असेल तर मोफत कायदेशीर मदतीचा हक्क याच कायद्यात आहे. कागदावर याहून सोपे काय असेल? तरी राजापेठ ते इतवारा मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतल्या एकाने हे नाव ऐकले नव्हते. डॉक्टर मित्रांनीही नाही.

आता बिलाकडे वळू. ब्रिटिशांच्या 1912 च्या कायद्यात माणसाला "वेडा" ठरवून आत टाकण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी द्यायचा आणि त्याच कायद्यात खर्च कोणाकडून वसूल करायचा हेही लिहिलेले होते. 1987 चा मानसिक आरोग्य कायदा 1 एप्रिल 1993 ला लागू झाला. त्यातही खर्चाचे प्रकरण राहिले: सरकारने कधी सोसायचा, रुग्णाच्या मालमत्तेतून किंवा त्याला पोसण्यास बांधील असलेल्या नातेवाइकाकडून घ्यायचा तर जिल्हा न्यायालयाकडे कसे जायचे. त्या कायद्यात महिन्यातून एकदा रुग्णालय पाहायला येणारे अभ्यागतही होते. ते कायदे रुग्णाला माणूस कमी आणि बंदी जास्त समजत, त्यांची आठवण काढून मला उसासे टाकायचे नाहीत. पण माणूस आत असण्याचा हुकूम आणि त्याचा खर्च या दोन गोष्टी एकाच कचेरीच्या नजरेखाली होत्या, एवढे खरे.

2017 च्या कायद्याने वसुलीची भाषा टाकून दिली आणि हक्काची भाषा आणली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, निराधाराला, बेघराला सरकारी ठिकाणी उपचार मोफत. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच वागवायचे. हे मोठे पाऊल होते. पण मंडळ खाट पाहते. खासगी केंद्राचे रोजचे बिल कोण पाहणार, हे त्यात स्पष्ट झाले नाही. इतर खासगी रुग्णालयांवर स्थानिक देखरेख 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने येते. 2021 च्या सुधारित नियमांनी त्यात दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावण्याची सक्ती आणली. पण त्या मूळ कायद्याने मानसिक रुग्णांच्या आश्रयगृहांना पहिल्यापासून आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते, कारण त्यांच्यासाठी 1912 चा कायदा होताच. 1912 चा गेला, 1987 चा गेला, आणि खालांचे बिल दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडले.

या फटीचा परिणाम सरळ आहे. खाटेचे भाडे रोज वाढते, म्हणून घरच्यांना पैसे जमवायला आणखी दिवस लागतात, म्हणून भाडे आणखी वाढते. बिल भरल्याशिवाय सोडणार नाही असे एकदा म्हटले की उपचारासाठी ठेवलेला माणूस आणि तारण ठेवलेला माणूस यांत फरक उरत नाही. खालांच्या हातातल्या बांगड्या आधीच सावकाराकडे गेल्या होत्या.

सरकारी बाजूला हाच प्रश्न उलट दिशेने येतो. तिथे बिल नाही, पण सुटकाही नाही. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. आपल्या वऱ्हाडाला जवळचे म्हणजे नागपूरचे, 940 खाटांचे, अमरावतीपासून दीडशे किलोमीटर. या रुग्णालयांत बरी झालेली, पण घरचे न्यायला न आलेली माणसे वर्षानुवर्षे राहिली. घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्या कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे कलम 19 सांगते. तरी जुलै 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला बजावावे लागले की अशा माणसांना भिक्षेकरी गृहात हलवणे थांबवा. पुढे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. नवऱ्याने ठाण्याच्या रुग्णालयात दाखल केलेली आणि बरी होऊनही तिथेच अडकलेली एक बाई त्या याचिकेच्या केंद्रस्थानी होती. त्यानंतर राज्य प्राधिकरण आणि पुनर्विलोकन मंडळांच्या कामाला न्यायालयाच्या देखरेखीखाली गती आली. खासगीत पैशासाठी अडलेला आणि सरकारीत नात्यासाठी अडलेला, दोघांनाही हवा तो एकच: ठरल्या दिवशी दार वाजवून "हा अजून इथे का आहे?" असे विचारणारा अधिकारी.

"एवढी यंत्रणा कुठून आणायची?" असे कोणी म्हणेल. मी 2020 ची आठवण देतो. 21 मे 2020 च्या अधिसूचनेने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांचे दर बांधले: साधी खाट रोज 4,000, अतिदक्षता 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. महानगरपालिका आणि जिल्हाधिकाऱ्यांनी लेखापरीक्षक नेमले, ते रुग्णालयांत जाऊन बसले, बिले तपासली, जादा घेतलेली रक्कम परत करायला लावली. सगळीकडे सारखे झाले नाही, वादही झाले. पण आपल्या स्थानिक प्रशासनाला रुग्णालयाचे बिल वाचता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. साथ ओसरली आणि ते टेबल उचलले गेले.

डॉक्टरांचा आक्षेप मी हलका मानत नाही. कायदा आला तेव्हाच अनेक मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले होते की कागद इतके वाढले तर खासगी डॉक्टर गंभीर रुग्ण दाखलच करून घेणार नाहीत आणि हाल होतील ते घरच्यांचेच. खालांच्या मुलालाही उपचाराची गरज होतीच. त्याला औषध लागू पडले, आवाज थांबले, हे त्या केंद्रानेच केले, ते नाकारणे बेइमानी होईल. पण कागदाच्या ओझ्याबद्दल माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो: दाखल्याची तारीख, डॉक्टरांची नावे, नातेवाइकाचे नाव ही माहिती बिलासाठी आधीच भरलेली असते. तिच्यातून सातव्या आणि तिसाव्या दिवसाचा अहवाल काढणे हे एका आठवड्याचे काम आहे. जो संगणक रात्री बाराला 1,200 रुपये चढवू शकतो, तो सकाळी नऊला मंडळाला पत्रही पाठवू शकतो.

आता आपल्या घरात डोकावू, कारण फक्त सरकारकडे बोट दाखवायला हे मासिक नाही. मुलाला केंद्रात नेण्यापूर्वी सात महिने खाला त्याला कुठे कुठे घेऊन फिरल्या होत्या? एका आमिलकडे, त्याने "असर" सांगितला. मग बुलढाणा जिल्ह्यात सैलानीला. तिथे होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते आणि मनोरुग्णांना घेऊन मुसलमानांइतकेच हिंदूही मुक्कामाला येतात. दर्ग्यावर जाण्याला माझा विरोध नाही. थकलेल्या आईला कुठेतरी डोके टेकवायची जागा लागते. पण 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि 28 माणसे गेली, कारण ती साखळदंडाने बांधलेली होती. ते दर्ग्याचे घर नव्हते. नातेवाइकांकडून पैसे घेऊन रुग्ण ठेवणारा तो एक धंदा होता आणि त्याच्यावर कोणाची नजर नव्हती. साखळीने बांधण्याला आता कायद्याने सरळ बंदी आहे. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले, मुजावर स्वतः रुग्णाला त्यांच्याकडे पाठवू लागले. "दवा और दुआ" हे त्या उपक्रमाचे नाव. दुआ करणाऱ्याने दवेचा रस्ता अडवला नाही तर दोन्ही एका अंगणात राहू शकतात.

आपल्या परंपरेतही याला आधार आहे. मजनूनवर शरियतने नमाज-रोज्याची जबाबदारी टाकलेली नाही, कारण त्याचा दोष नसतो. 1284 मध्ये कैरोत सुलतान कलावूनने बांधलेल्या रुग्णालयात मानसिक रुग्णांसाठी वेगळा विभाग होता आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले, रुग्णाकडून पैसे घेतले जात नसत. आपण मात्र आजार लपवतो, कारण घरात बहिणीचे लग्न व्हायचे असते. मग एका रात्री भांडी रस्त्यावर येतात आणि जे मिळेल त्या गाडीत घालून, जे दिसेल त्या कागदावर अंगठा देऊन मोकळे होतो. दाखल्याचा कागद पुढे तलाकच्या किंवा जमिनीच्या भांडणात "हा वेडा आहे" म्हणून फडकवणारे नातेवाईकही मी पाहिले आहेत. त्यांना सांगायला हवे की रुग्णालयात दाखल होणे म्हणजे कायद्याने वेडसर ठरणे नव्हे. ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकते.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि करता येण्याजोग्या आहेत.

एक, पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता, फोन आणि अर्जाचा साधा नमुना मराठी, उर्दू आणि हिंदीत इर्विनमध्ये, महापालिकेच्या दवाखान्यांत आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात लावा. कोणत्या कलमाखाली दाखल केले हे रुग्णाला आणि त्याच्या प्रतिनिधीला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ते एका पानावर लिहून द्या आणि त्यावर तिसाव्या दिवसाची तारीख असू द्या.

दोन, मानसिक उपचार केंद्रांनी दर आठवड्याला चालू बिल द्यावे, "इतर शुल्क" ही ओळ बंद करावी आणि थकबाकीसाठी माणूस अडवू नये. बिलाच्या तक्रारीसाठी महापालिका आणि जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाने 2020 सारखे टेबल पुन्हा मांडावे.

तीन, कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रांची दर तीन वर्षांनी तपासणी व्हायची आहे आणि त्यात स्थानिक समाजाचे प्रतिनिधी घेता येतात. ती जागा आम्हाला हवी आहे. आमच्यातल्या ज्या बायकांनी दहा-दहा वर्षे आजारी माणूस सांभाळला, त्यांच्यापेक्षा चांगला तपासनीस कोण?

चार, औषध अचलपूर, दर्यापूर, मोर्शी, धारणीपर्यंत नियमित पोचू द्या. औषध सुटले की आजार उलटतो आणि मग पुन्हा रात्रीची गाडी शोधावी लागते.

आणि पाचवी गोष्ट स्वतःकडे. जमातीच्या बैतुलमालमधून मय्यत आणि लग्नासाठी पैसे निघतात, तसे महिन्याच्या गोळ्यांसाठीही निघावेत. जुम्याच्या बयानात पाच मिनिटे या आजारावर बोलावे आणि 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक सांगावा.

खालांच्या मुलाचे पुढे काय झाले? आम्ही मंडळाच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहिला. तो टाकण्याआधीच ओळखीच्या एका वकिलाने केंद्राला फोन केला, दुसऱ्या दिवशी मुलगा सुटला, "इतर शुल्क" माफ झाले, बाकीचे हप्त्याने द्यायचे ठरले. सगळे खूश झाले, मला मात्र बोचत राहिले. काम ओळखीने झाले, कायद्याने झाले नाही. ज्याच्या ओळखीत वकील नाही, त्याचा 47 वा दिवस अजून चालूच असेल.

तो आता पुन्हा दुकानात बसतो. गोळ्या घेतो, कधी विसरतो, बहीण आठवण करते. मागच्या महिन्यात तो स्वतः केंद्रावर आला. पुन्हा कधी बिघडलो तर माझ्या वतीने कोण बोलेल हे लिहून ठेवायचे आहे, म्हणाला. कायद्यात त्यासाठी साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. त्याने आईचे नाव लिहिले नाही, बहिणीचे लिहिले. खाला दोन दिवस रुसल्या. त्या कागदाची एक प्रत आमच्या फाइलमध्ये आहे. तुमच्या घरात असा कोणी असेल तर रविवारी या. तिसाव्या दिवसाची वाट पाहू नका.